रागिणी जाईल ते कॉलेज

१९ मार्च, अमरावती

आजपासून रोज लिहायचं, असा रागिणीचा हुकूम आहे. परदेशातल्या मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी म्हणे स्वतःविषयी दोन पानं लिहून द्यावी लागतात. "आपल्याले सोताबद्दल चार ओळी लिहिता येत नाही, जीवन. आतापासून सवय लाव. अन् प्रमाण भाषेत लिहिजो," एवढं सांगून ती अकोल्याच्या एसटीत चढली.

काल बारावीचा शेवटचा पेपर झाला. दोन वर्षं ती इथं होस्टेलला होती. न्यायला तिचे बाबा आले होते, खुशालरावकाका. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान आहे. तिची लोखंडी पेटी मी रिक्षापासून गाडीपर्यंत उचलली. काका म्हणाले, "ठेव बाप्पा, हमाल हाय ना." मी ठेवली नाही.

तर स्वतःविषयी. मी जीवन. बाबा, म्हणजे शालिकराम, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात फिटर आहेत. आई माणिकबाई घर सांभाळते. माझं आणि रागिणीचं अकरावीपासून ठरलंय. दिल्लीचं एक कॉलेज आहे, तिथली पोरं दरवर्षी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला एम.ए., एम.एस्सी.ला जातात. आपण तिथं पदवी घ्यायची आणि मग पुढे. ही कल्पना मुळात तिची. पण आता आमच्या दोघांची आहे.

२४ मार्च

बाबांना दिल्लीचं सांगितलं. ते अंगणात बसून नखांतलं ग्रीस काढत होते.

"अमरावतीतले कॉलेजं बंद पडले काय?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिथले प्राध्यापक, ग्रंथालय, आधी जाऊन आलेली पोरं मुलाखतीची तयारी कशी करून घेतात ते. बाबा ग्रीस काढत राहिले.

"अन् शिष्यवृत्ती भेटली, मंग काय शिकशीन?"

"अर्थशास्त्र."

"काहून?"

"त्या विषयाची पोरं जास्त निवडली जातात."

"रागिणी काय घेऊन राहिली?"

"भूगोल. तिले पाण्याचं शिकायचं हाय."

"पण कॉलेज तेच."

"हाव."

"बरं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. बाबांना प्रत्येक गोष्टीत रागिणी कशाला आणायची असते, कळत नाही.

६ एप्रिल

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. अभ्यासिकेत गेलो होतो. माझ्या आणि रागिणीच्या खिडकीजवळच्या टेबलावर नवीन पोरं बसली होती. त्यांना उगाच सांगितलं की पंखा तिथं नीट लागत नाही. लागतो. रागिणीचा फोन नाही. जुन्या शहरात रेंज कमी असते बहुतेक.

१९ एप्रिल, अकोला

रसायनशास्त्राचं एक पुस्तक परत द्यायचं होतं म्हणून अकोल्याला आलो. आई म्हणाली, "परीक्षा झाल्यावर पुस्तक कशाले लागते तिले?" मी म्हटलं, दुसऱ्याचं पुस्तक ठेवू नये.

रागिणी तिच्या मामाच्या गावी निघाली होती, मीही गेलो. गाव खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचं सगळं पाणी खारट. तिचे मामा मूत्रपिंडाच्या आजारानं गेले, ती नववीत असताना. पाण्याचं तिचं वेड तेव्हापासूनचं. कॉलेजच्या सरांकडून तिनं क्षार मोजायचं छोटं यंत्र मागून आणलंय. विहिरीत बादली सोडते, यंत्र बुडवते, आकडा लिहून घेते. उन्हानं तिचे कान लाल झाले होते. आकडा लिहिताना ती खालचा ओठ दातात धरते.

एका विहिरीवर पुंजाजी नावाचे म्हातारे होते. रागिणीनं विचारलं, "आबा, पाणी कवापासून जास्त खारं झालं?" ते म्हणाले, "पयलेपासून." तिनं तीन-चारदा फिरवून विचारलं, तरी "पयलेपासून"च. ती चिडली आणि दुसऱ्या विहिरीकडे गेली.

मी आपला सावलीला त्यांच्याजवळ बसलो. त्यांच्या लग्नाचं विचारलं. मग ते बोलायला लागले. या गावाला कोणी पोरगी देत नव्हतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, पोरीचा जन्म चुलीपुढे जाईल म्हणत. त्यांच्यासाठी अकरा गावं पाहिली. शेवटी एक बाई तयार झाली. घरात आल्यावर पहिला घोट घेतला आणि तोंडावर पदर धरून रडली. "पण तवा निदान पेता येत होतं पाणी," पुंजाजी म्हणाले. "माह्या मोठ्या पोराचं लग्न झालं त्या साली बोअर खोदले लोकायनं. मंग ढोरंबी तोंड लावेनात."

रागिणी परत आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिनं पोराच्या लग्नाचं साल विचारून घेतलं आणि लिहिलं. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मला वाटतं माझ्या तोंडाला धूळ लागली असावी.

११ मे, अमरावती

निकाल लागला. दोघांनाही चांगले गुण आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रीतमदादा भेटला. तो आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी, पदवी दिल्लीच्या त्याच कॉलेजची. शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकतोय आणि सध्या सुटीला घरी आहे. रागिणी सकाळच्या गाडीनं आली. तिनं निळा पंजाबी ड्रेस घातला होता.

मी विचारलं, "दादा, सगळ्यात जास्त शिष्यवृत्त्या कोणत्या कॉलेजले भेटतात?"

तो हसला. "तुम्ही सांगता त्याच कॉलेजले. खोटं नाही ते. तिथं चांगले मित्र भेटतात, वाट सांगणारे भेटतात. पण माझ्या मुलाखतीत कॉलेजचं नाव पहिल्या मिनिटात संपलं. पुढं सगळा वेळ एकच, तू आजवर काय केलं, काहून केलं, त्यानं कोणाचं काय बदललं. अन् शिफारशीचं पत्र. ज्या मास्तरानं तुले काम करताना पाह्यलं नाही, तो चांगलं पत्र कसं लिहीन? भरलेल्या वर्गात मले ओळखणारा एकच सर होता, तो बी नशिबानं."

मग त्यानं रागिणीला विचारलं, तुला काय करायचंय. ती खारपाणपट्ट्याबद्दल बोलायला लागली, थांबेचना. दादा पुढे सरकून बसला. सगळं ऐकून म्हणाला, "तुही विहीर तर इथं हाय. तू दिल्लीले जाऊन काय मोजशीन?"

"मंग नको जाऊ?"

"मी तसं म्हणत नाही. मी फक्त इचारून राह्यलो."

माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् तू?" मी अर्थशास्त्राचं पाठ केलेलं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि चहा घे म्हणाला.

परतताना स्टँडवर रागिणी एकदम गप्प होती. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. ऊन बाधलं असणार. मी लिंबूपाणी आणून दिलं, ते तिनं अर्धंच प्यायलं. उरलेलं मी.

८ जून

दिल्लीची प्रवेश परीक्षा होऊन गेली. बाबांच्या समाधानासाठी राज्याची परीक्षाही दिली होती, रागिणीनंही. घरी कुलर दुरुस्त केला.

रागिणी हल्ली फोनवर वेगळंच विचारते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मातीची प्रयोगशाळा कशी आहे, तिथले सर गावांत जातात का. मला काय माहीत? मी तिला दिल्लीच्या होस्टेलचे फोटो पाठवले. मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवरून बाग दिसते. तिनं अंगठा पाठवला.

१९ जुलै

दोघांनाही तेच कॉलेज मिळालं.

तिला भूगोल. मला अर्थशास्त्र नाही, समाजशास्त्र. अर्जात विषय भरताना ते खाली कुठेतरी टाकलं होतं, काहीतरी मिळावं म्हणून. पण विषयाचं काय एवढं? कॉलेज तेच आहे. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा आता दिल्लीला नाही म्हणत नाहीत. पाळी बदलून रजा मिळते का, हे विचारून आलेत, सोडायला यायचं म्हणून.

रागिणीला तीनदा फोन केला. उचलला नाही. आनंदात असेल.

२१ जुलै

तिचा फोन आला. ती येत नाही.

दिल्लीची जागा ती सोडतेय. अकोल्यातच कृषीला जाणार. घरच्यांनी अडवलं का, विचारलं. नाही म्हणाली. "बाबा तर बॅग घ्याले निघाले होते. मीच नाही म्हटलं. मी तथल्या मॅडमले भेटून आली, जीवन. त्या खाऱ्या मातीवर काम करतात. म्हणाल्या, पयल्या वर्षापासून माह्यासंग गावात ये. मले पुढं बाहेर जायचंच हाय. पण माह्याजवळ सांगाले काही तरी पाहिजे ना. ते इथंच हाय."

"अन् आपलं ठरलं होतं ते?"

"तू जाशीनच की."

पुढे काय बोललो आठवत नाही. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा फोन कधीचा बंद झालेला होता आणि मी तसाच कानाला धरून उभा होतो.

२३ जुलै, अकोला

आता उलगडलं, सोपं आहे. मीही अकोल्यातच घेतो. राज्याच्या परीक्षेत मला गुण आहेत, कृषीला जागा मिळेल. प्रीतमदादाचं म्हणणं मलाही लागू पडतंच. हे फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून सकाळची गाडी धरली.

रागिणी दुकानात एकटीच होती. श्रावण तोंडावर आलाय, तिचे आईबाबा फुलं आणायला बाजारात गेले होते. ती झेंडूचे हार ओवत होती. मी स्टुलावर बसून सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल.

तिनं सुई थांबवली. "काहून?"

"शिष्यवृत्तीसाठी. दादा म्हणाला ना, काम पाहिजे सांगाले."

"खरं सांग. काहून?"

मग मी खरं सांगितलं. कसं सांगितलं ते इथं लिहीत नाही. एवढंच की बोलताना तोंडात पुस्तकातली प्रमाण भाषा आली, जन्मात कधी बोललो नाही अशी, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. मध्येच एक बाई बेलाची पानं घ्यायला आली. रागिणीनं पानं मोजून दिली, पाणी शिंपडून पुडा बांधला. बाई गेल्यावर म्हणाली, "मले माहीत होतं. स्टँडवर पेटी उचलली तवाच समजलं होतं."

"मंग?"

"तू मले आवडत असशीन बी. आज मले सांगता येत नाही. पण तू माह्यापायी इथं राह्यला, तर मी रोज तुह्याकडं पाहून हेच म्हणीन का या पोट्ट्यानं माह्यासाठी दिल्ली सोडली. मले ते ओझं झेपणार नाही. तुले काय पाहिजे जीवन? तू कधी सांगतच नाही. अर्थशास्त्र म्हटलं, तेबी कोणी सांगितलं म्हणून."

"मले तू पाहिजे."

"मी काही कॉलेज नाही."

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या हातातला हार अर्धवट होता, तो तिनं पूर्ण केला, गाठ मारली. मग म्हणाली, "त्या दिवशी पुंजाजी आबा तुह्याशी बोलले, तसे माह्याशी कोणी बोलत नाही. माह्या वहीत नुसतं मीठ हाय." आणि आत चहा ठेवायला गेली. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता.

२४ जुलै

काल घरी आलो नाही, तिथल्याच एका मित्राकडे राहिलो. आज सकाळी स्टँडवर अमरावतीची गाडी समोर लागलेली असताना मी पुंजाजींच्या गावच्या गाडीत बसलो. का, ते सांगता येत नाही. घरी जाऊन काय करायचं, असं वाटलं असेल.

पुंजाजी ओसरीवर होते. मला ओळखलं. "ते पोरगी नाही आली?" नाही म्हटलं. मग त्यांना म्हटलं, आबा, तुमची मंडळी पहिला घोट घेऊन रडली, त्याच्यापुढचं सांगा.

त्यांनी सांगितलं. बाईचं माहेर डोंगराकडचं, तिथलं पाणी गोड. माहेरी गेली की येताना ती कळशीभर पाणी आणायची, एवढी वाट डोक्यावर. घरात आल्यावर पहिला पेला सासूला, दुसरा यांना. स्वतः शेवटचा. कळशी रिकामी झाली तरी दोन दिवस ती तशीच घडवंचीवर ठेवायची, पालथी घालायची नाही. एकदा यांनी विचारलं, रिकामी कशाला ठेवतेस? ती म्हणाली, वास येते. "पाण्याले कायचा वास, बाप्पा," पुंजाजी म्हणाले, "पण मीबी मंग तोंड घालून पाह्यलं. येत होता." नळाचं गोड पाणी गावात आलं त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. नळ आला तेव्हा गावानं गुलाल उधळला. पुंजाजी घरात बसून राहिले.

  त्यांच्या सुनेनं मला बळंच जेवू घातलं. डाळ मऊ शिजली होती.

परतीच्या गाडीत लक्षात आलं की तिथं होतो तोवर रागिणीची आठवण झाली नाही. हे तिला कळवावं असं वाटलं. तेवढंच तिचं ओझं कमी. मग नाही कळवलं.

२६ जुलै

बाबांनी विचारलं, "काय ठरलं?" रागिणी येत नाही हे आईकडून त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, "माहीत नाही."

"इतके दिवस तर माहीत होतं."

 मग त्यांना पुंजाजींचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कळशीचं सगळं सांगितलं. आई कणीक मळता मळता थांबली. बाबा म्हणाले, "हे असं लोकायपाशी बसून इचारनं, हे शिकवते काय कोणी?"

प्रवेशाबरोबर आलेलं पत्रक उघडून समाजशास्त्रात काय काय असतं ते पहिल्यांदा नीट वाचलं. अर्जात विषय भरला होता, मिळून आठवडा झाला होता, पण एकदाही वाचलं नव्हतं. तिसऱ्या सत्रात तेच आहे. गावात राहायचं, माणसांशी बोलायचं, लिहून काढायचं.

"शिकवतात," मी म्हटलं.

"दिल्लीत?"

"हाव."

"मंग जा," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "नाही तर नको जाऊ. पण तू सांग."

जातो, म्हटलं.  शिष्यवृत्तीचा विचार तेव्हा मनात नव्हता, रागिणीचा होता. ती अकोल्यातच राहणार, आणि मी तरीही जातो म्हणालो होतो.

१४ सप्टेंबर, दिल्ली

किती दिवसांनी लिहितोय. इथं सगळे भराभरा बोलतात. माझं हिंदी ऐकून एकानं विचारलं, नागपूर के हो क्या? मी हो म्हणून टाकलं. अमरावती सांगून पुढे नकाशा काढत बसावं लागतं.

मुख्य इमारतीत शिष्यवृत्ती मिळवलेल्यांच्या नावांचा लाकडी फलक आहे, सोनेरी अक्षरांचा. पहिल्याच दिवशी शोधून काढला. सगळी नावं वाचली. दोन वर्षं या फलकाची आम्ही कल्पना केली होती, त्यात दोघांची नावं शेजारी लिहिली होती. खाली बरीच जागा मोकळी आहे. आता तिकडून जाताना मी थांबत नाही. थांबावंसं वाटत नाही असं मात्र नाही.

रागिणीचा रविवारी निरोप येतो. नव्या विहिरीचा आकडा आणि मॅडम काय म्हणाल्या ते. आज तिनं लिहिलं होतं, पुंजाजी आबा तुला विचारत होते. मी ते दहादा वाचलं. फोन करावासा वाटला, खूप वाटला. तिचा आवाज ऐकला की उरलेला रविवार हातून जातो, म्हणून केला नाही.

आमच्या मॅडमनी काम दिलंय. घरातल्या एका माणसाला त्याच्या पहिल्या नोकरीबद्दल विचारायचं. वरूडकडचं गाव सोडून बाबा कारखान्यात आले त्याला वीस वर्षं होतील, मी कधीच विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना फोन लावला. ते पाळीवरून नुकतेच आले होते.

"कायचं इचारतं?" म्हणाले. "फिटर म्हणून लागलो. लागलो म्हणजे लागलो."

मी विचारलं, पहिल्या दिवशी कारखान्यात गेले तेव्हा कसं वाटलं.

पलीकडे आईनं काहीतरी विचारलं, तिला त्यांनी थांब म्हटलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"जीवन, हे तुह्या अभ्यासाले लागते, का तुले ऐकाचं हाय?"

अभ्यासाला लागतं, हे खरंच होतं. तेच सांगणार होतो.

"मले ऐकायचं हाय, बाबा," मी म्हटलं.

"आवाज," ते म्हणाले. "पयल्या दिवशी मले मशीनचा आवाजच सहन झाला नाही. पाठीमांगच्या भिंतीजवळ जाऊन रडलो. तुह्या मायलेबी सांगितलं नाही अजून."

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि पुढचं सांगायला लागले.